फोटोतली मोटार कोणती? : वाचकांचे प्रश्न

जुन्या मोटारींच्या फोटोंविषयी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : पणजोबांचा मोटारीशेजारी उभा असलेला फोटो आहे. गाडी बाजूने, किंचित तिरकी दिसते. रेडिएटरवरचं नाव पुसलं गेलंय. घरात सगळे ती रोल्स-रॉइस असल्याचं सांगतात. खात्री कशी करायची? (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याकडे जुनी मोटार म्हटली की ती रोल्सच असते, निदान सांगणाऱ्याच्या तोंडी तरी! रोल्सचा रेडिएटर लांबूनही कळतो. वरचा भाग ग्रीक देवळाच्या कपाळासारखा, मधे टोक आणि दोन्हीकडे सरळ उतार. कडा धारदार असतात, गोलाई कुठेच नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रेडिएटरचे खांदे गोल आहेत. म्हणजे ती रोल्स नव्हे, एवढं लगेच सांगता येतं.

मग कोणती? नाव दिसत नसेल तर चाकापासून सुरुवात करा. बॉडी बघून फसायला होतं. त्या काळी अनेक गाड्यांची नुसती चॅसी, म्हणजे इंजिन-चाकांसकटचा सांगाडा, यायची आणि बॉडी वेगळा कारागीर बांधायचा. शिवाय पुढे मालक टप बदलत, दिवे बदलत, मागचा भाग कापून माल वाहायला फळ्या ठोकत. दोन आसांमधलं अंतर मात्र सहसा कोणी बदलत नसे.

हे अंतर फोटोवरून काढता येतं. मिलिमीटरची पट्टी घ्या. चाकाची टायरसकट उंची मोजा, मग त्याच चाकाची रुंदी मोजा. गाडी अगदी आडवी असेल तर दोन्ही मापं सारखी येतील. तिरकी असेल तर चाक लंबगोल दिसतं आणि रुंदी कमी भरते. ज्या प्रमाणात रुंदी आखडली, साधारण त्याच प्रमाणात दोन आसांमधलं अंतरही आखडलेलं असतं. तुमच्या फोटोत चाकाची उंची २१ मिमी, रुंदी १८ मिमी आणि एका तुंब्यापासून (चाकाच्या मधल्या गाभ्यापासून) दुसऱ्या तुंब्यापर्यंतचं अंतर ६० मिमी आहे. ६० ला १८ ने भागून २१ ने गुणलं की ७० मिमी, हे झालं खरं अंतर. ७० भागिले २१ म्हणजे ३.३३. याचा अर्थ दोन आसांमधे सव्वातीन चाकांहून थोडी जास्त जागा आहे. चाकाचा बाहेरचा व्यास ३० इंच धरला तर अंतर १०० इंच येतं. फोर्ड मॉडेल टी या गाडीचं माप नेमकं १०० इंच आहे.

३० इंच का धरले? त्या काळच्या टायरच्या मापातच व्यास असतो. मॉडेल टीचं टायर ३० × ३½, यातला ३० हा बाहेरचा व्यास. युरोपियन गाड्यांवर ८१५ × १०५ किंवा ८८० × १२० अशी मापं मिलिमीटरमधे असतात. ती अनुक्रमे ३२ आणि साडेचौतीस इंचांच्या आसपास जातात. १९२३ नंतर आलेल्या फुगीर बलून टायरांवर ४.५०–२१ असं लिहितात. तिथे २१ हा रिमचा व्यास. त्यात दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार इंच मिळवले की पुन्हा ३० भरतात.

या हिशेबात दोन-तीन टक्क्यांची चूक राहतेच. कॅमेऱ्याच्या जवळचं चाक मोठं येतं म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकाची सरासरी घ्यावी लागते, आणि गाडी फारच तिरकी असेल तर तीही पुरत नाही. मॉडेल टी १०० इंच, १९२७ची शेवरोले १०३, फोर्ड मॉडेल ए १०३½. एवढा बारीक फरक पट्टीने पकडता येणार नाही. पण ७५ इंचांची ऑस्टिन सेव्हन आणि १४४ किंवा १५० इंचांची रोल्स फँटम २ यांच्यात गल्लत व्हायला नको. रोल्स असती तर दोन चाकांमधलं अंतर चार चाकांच्या वर गेलं असतं.

शेवटची खातरजमा पुढच्या आसाजवळ करा. मॉडेल टीच्या पुढच्या आसावर एकच कमानपाटा (धक्के झेलणारी पट्ट्यांची स्प्रिंग) आडवा, म्हणजे डावीकडून उजवीकडे बसवलेला असतो. इतर बहुतेक गाड्यांना दोन पाटे, तेही गाडीच्या लांबीच्या दिशेने. तुमच्या फोटोत पुढे बाहेर आलेली पाट्यांची टोकं दिसत नाहीत आणि लाकडी चाकाला आरे १२ आहेत. ही फोर्डच.

प्रश्न : आमच्याकडची गाडी फोर्ड मॉडेल टी आहे हे कळलं. पण ही गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती म्हणे. मग फोटोतली नेमक्या कुठल्या साली बनली? (कागल)

उत्तर : दीड कोटी गाड्या, सगळ्या एकसारख्या, असं म्हणतात खरं, पण बारकाईने बघितलं तर वर्षं वेगळी काढता येतात.

आधी रेडिएटर बघा. १९१६च्या मॉडेलपर्यंत तो पितळी असायचा. बॉनेट लहान आणि कोनदार, त्यामुळे रेडिएटर पुढे वेगळा ठेवल्यासारखा वाटतो. १९१७च्या मॉडेलपासून, आणि ही मॉडेलं १९१६च्या ऑगस्टपासूनच विकायला आली, रेडिएटरला काळं कवच आलं. बॉनेट उंच आणि गोलसर होऊन रेडिएटरच्या कडेशी मिळून गेलं. पुढची मडगार्डंही त्याच वेळी बदलली. आधी ती वरून सपाट पत्र्याची, नंतर मधे उचललेली.

दिव्यांवरून पितळी काळाचे दोन भाग पडतात. १९१४ पर्यंत पुढचे दिवे कार्बाईडच्या वायूवर चालत. दिव्याच्या डोक्यावर छोटं धुराडं असतं आणि फुटबोर्डवर पितळी डबा. डब्यात वरून थेंबथेंब पाणी कार्बाईडवर पडायचं आणि तयार झालेला वायू रबरी नळीतून दिव्यांकडे जायचा. १९१५ पासून पुढचे दिवे विजेचे झाले. धुराडं गेलं, डबा गेला. पण काचेच्या बाजूचे रॉकेलचे कंदील राहिले, आणि ते बघून लोक गाडीला उगाच पाच वर्षं मागे नेतात. कंदील राहण्याचं कारण सरळ आहे. वीज इंजिनाच्या मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या छोट्या जनित्रातून, यायची. इंजिन बंद की दिवे बंद, इंजिन मंद की दिवे मिणमिणते. रात्री गाडी उभी करायची तर कंदीलच लागायचा.

यापुढे रिम बघा. पूर्वी पंक्चर झालं की टायर चाकावरच काढावं लागे. १९१९ पासून सुटी होणारी रिम मिळू लागली. तसं असेल तर लाकडी चाकाच्या कडेला चार बोल्ट दिसतात. फोटो चांगला असेल तर आठपटी भिंगाखाली ते मोजता येतात. १९२६च्या मॉडेलला नवी, बुटकी बॉडी आली आणि तारांची चाकं हवी तर मिळू लागली.

पुढे लोंबणाऱ्या हँडलवरून काहीच ठरवू नका. सेल्फ स्टार्टर आल्यावरही हँडल होतंच.

भारतात आलेल्या फोर्ड बव्हंशी कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या कारखान्याच्या. ब्रिटन वगळून साम्राज्यातल्या देशांना गाड्या देण्याचा हक्क कॅनडाच्या फोर्डकडे होता. आपल्याकडे आलेल्या गाड्यांना स्टिअरिंग उजवीकडे असे. अमेरिकन पुस्तकांतले बारीकसारीक बदल कॅनडाच्या गाडीला एखाद्या वर्षाने मागेपुढे लागू होतात, तेवढी सूट ठेवा. दुसरी गोष्ट, मॉडेल टीचे भाग एकमेकांना सहज बसतात. १९१४च्या गाडीला १९१८चा रेडिएटर लावलेला असू शकतो. म्हणून फोटोत सगळ्यात उशिरा आलेला भाग कुठला ते शोधा. फोटो त्या सालाआधीचा नाही, एवढंच पक्कं. गाडी त्याहून जुनी असू शकते.

प्रश्न : सोबतच्या फोटोत मोटारीत राजर्षी शाहू महाराज बसलेत असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मागे रंकाळा आणि शालिनी पॅलेस दिसतो. मोटार कोणती? (गंगावेश, कोल्हापूर)

उत्तर : मोटारीकडे बघायची गरजच पडत नाही. शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ ला झालं. तेव्हा हा फोटो त्यांचा असणं शक्य नाही. बसलेली व्यक्ती छत्रपतीच असेल तर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचा, म्हणजे १९२२ ते १९४० मधला, विचार करावा लागेल.

ज्यांच्या फोटोत मागे अशी इमारत नाही, त्यांनी पुढच्या चाकाच्या आत डोकवावं. आऱ्यांमागे तव्याएवढा गोल डबा दिसतोय का? तो ब्रेकचा ड्रम. आधीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. पुढच्या चाकात नुसते आरे आणि आरपार मोकळी जागा दिसते. पुढच्या चाकांचे ब्रेक सर्वसाधारण गाड्यांत १९२३-२४ च्या सुमारास आले. ब्यूइकने ते १९२४च्या मॉडेलला दिले. त्याआधी हिस्पानो-सुइझासारख्या मोजक्याच महागड्या गाड्यांना ते होते, म्हणून नियमाला अपवाद आहे. पण दारातल्या रोजच्या मोटारीला तो लावू नये. तुमच्या फोटोत ड्रम आहे, टायर फुगीर आहेत आणि मडगार्डाच्या कडा खाली वळून चाक झाकतात. असली मडगार्डं १९३२-३३ नंतर रूढ झाली. हे सगळं शालिनी पॅलेसच्या सालांशी जुळतं. रेडिएटरच्या वरच्या कडेला बैलाच्या जुवासारखा बाक आहे आणि तुंब्यावरच्या टोपणाच्या मधोमध षट्कोन दिसतो. ही पॅकार्ड. तो षट्कोन लाल रंगाचा असायचा, फोटोत तो काळा आलाय. असं का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आजी सांगायची की मोटार गर्द तांबडी होती. फोटोत ती काळी ठिक्कर दिसते. आजीची आठवण चुकली का? (इचलकरंजी)

उत्तर : आजी बरोबर असण्याची शक्यता जास्त. त्या काळच्या फोटो काढायच्या बहुतेक काचा आणि फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना लाल रंग दिसतच नसे, आणि निळा मात्र भलताच उजळ यायचा. लाल गाडी काळी आणि निळी गाडी राखाडी-पांढरी दिसायची. सगळे रंग टिपणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म १९२०-३० च्या दशकांत हळूहळू पसरली.

फोटो कुठल्या फिल्मवरचा आहे हे तपासायला मोटार सोडून माणसांकडे बघा. बायकांच्या कपाळावरचं कुंकू काजळासारखं काळं आलंय, भगवा फेटा काळपट आहे आणि आभाळ पांढरं फटक आहे, ढगांचा मागमूस नाही, तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक. अशा फोटोवरून गाडीचा रंग सांगू नये. जुन्या फोटोंना आपोआप रंग भरणारी अॅपं हा नियम पाळत नाहीत. काळं दिसलं की काळं भरतात आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा वाटतो.

प्रश्न : फोटोत स्टिअरिंग डावीकडे आहे. म्हणजे गाडी अमेरिकेहून आणलेली का? (जयसिंगपूर)

उत्तर : आधी फोटो उलटा छापलाय का ते बघा. काचेची निगेटिव्ह पालथी ठेवली की सगळं चित्र आरशातल्यासारखं येतं. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी; उलट असेल तर फोटो उलटा. दुकानाची पाटी किंवा नंबरप्लेट दिसत असेल तर प्रश्नच मिटला. तुमच्या फोटोत तिघांच्याही कोटाची उजवी बाजू वर आहे. तिघांनीही कोट उलटा शिवून घेतला असेल असं वाटत नाही.

याच्या उलट, उजवं स्टिअरिंग म्हणजे गाडी विलायती असंही नव्हे. १९१०च्या आधी बऱ्याच अमेरिकन गाड्यांनाही स्टिअरिंग उजवीकडेच असे.

प्रश्न : फुटबोर्डवर एक नुसतं गोल कडं बांधलेलं आहे. टायर आहे, पण ना आरे, ना तुंबा. हे काय? (गडहिंग्लज)

उत्तर : हीच खरी स्टेपनी! वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४च्या सुमारास हा धंदा सुरू झाला. पंक्चर झालेलं चाक काढायचं नाही, हे हवा भरलेलं कडं त्याला बाहेरून चिमट्यांनी जखडायचं आणि गाडी घरी न्यायची. पुढे अख्खं जादा चाक बरोबर ठेवायची सोय झाली, मूळ स्टेपनी गेली, नाव मात्र आपल्याकडे प्रत्येक रिक्षावाल्याच्या तोंडी राहिलं. फोटोत असं बिनआऱ्याचं कडं असेल तर साधारण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे धरायला हरकत नाही.

प्रश्न : आजोबांची सर्व्हिस मोटार होती. फोटोत बसच्या तोंडाला फोर्डसारखा रेडिएटर आहे, पण ती मॉडेल टीपेक्षा फारच लांब वाटते. (राधानगरी)

उत्तर : वरचाच हिशेब करून बघा. पुढचं चाक मोजून अंतर चार चाकांहून थोडं जास्त भरलं, म्हणजे १२४ इंचांच्या आसपास, तर ती मॉडेल टीटी. १९१७ मधे आलेली ही एक टनी चॅसी. इंजिन आणि तोंड टीचंच, मागचा आस मात्र वेगळा आणि दणकट, मागची चाकं पुढच्यांपेक्षा जाड आऱ्यांची. मोजताना पुढचंच चाक घ्या, मागचं घेतलंत तर उत्तर चुकेल. वरची लाकडी बॉडी कुठल्या तरी सुताराने बांधलेली असणार, तिच्यावरून साल निघणार नाही. रेडिएटरवर बो-टायसारखं चिन्ह असेल तर मात्र शेवरोले. जनरल मोटर्सने १९२८ मधे मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली.

प्रश्न : दसरा चौकात येणारी छत्रपतींची मेबॅक विंटेज म्हणायची का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : शौकिनांच्या ब्रिटिश व्याख्येत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधे बनलेली गाडी. मेबॅक ही जर्मन गाडी १९३०च्या दशकातली, म्हणून त्या हिशेबात ती विंटेजनंतरची. भारतीय नियम वेगळा आहे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली खासगी दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. त्या नोंदणीवर गाडी रोज कामाला नेता येत नाही.

प्रश्न : फोटो काचेला चिकटलाय. काढून स्कॅन करावा का? मोबाइलवर स्पष्ट करून बघितला तर रेडिएटरवर चक्क नाव वाचता आलं. (शिरोळ)

उत्तर : काढू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुकताना काचेला धरून बसतो. ओढला की मोटार काचेवर राहते आणि कागद हातात येतो. चौकटीतून काचेसकट बाहेर काढा, टेबलावर ठेवा. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. मोबाइलला काळं फडकं मधे भोक पाडून गुंडाळा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही. फोटोच्या पातळीशी समांतर धरूनच टिपा, तिरका धरलात तर चाकांची मापं बिघडतील.

जो फोटो सुटा आहे तो स्कॅन करा. मोठ्याला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), पोस्टकार्डाएवढ्या किंवा त्याहून लहानाला १२००. काळापांढरा असला तरी रंगीत सेटिंगवर आणि टिफ फाइलमधे. काचेच्या निगेटिव्हवरून थेट छापलेल्या फोटोत तपशील भरपूर असतो. डोळ्यांना ठिपका वाटणारं चिन्ह १२०० वर उलगडतं. लॅमिनेशन करू नका, मागे सेलोटेप लावू नका. मागे काही लिहिलेलं असेल तर तेही स्कॅन करा.

मोबाइलने दाखवलेल्या नावाचं म्हणाल, तर ते विसरा. फोटो स्पष्ट करणारी अॅपं पुसट जागा अंदाजाने भरतात. तुम्ही पाठवलेल्या मूळ प्रतीत त्या जागी चार-पाच राखाडी ठिपके आहेत, अक्षर एकही नाही. सुधारलेल्या प्रतीत मात्र सहा ठसठशीत अक्षरं आहेत. मूळ फोटोत बॉनेट उतरतं आहे आणि पुढे रेडिएटरच नाही, तो इंजिनाच्या मागे आहे. पहिल्या महायुद्धाआधीपासून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत असं तोंड रेनोचं असायचं. रेडिएटर पुढे नाहीच, तर त्यावर नाव कुठून येणार? मूळ काचेसकटचा नवा फोटो पाठवा, आणि मागच्या चाकाजवळचा भाग वेगळा टिपा. तिथे पंख्याच्या आकाराची सावली आहे, ती मडगार्डाची की टपाच्या घडीची ते बघू.